परवानगी कोणत्या पत्त्याला?

वेब सर्व्हरकडे एखादे पान मागताना आपण पत्ता एकच लिहितो, पण मागणी पूर्ण होईपर्यंत त्याचे बरेचदा दोन पत्ते झालेले असतात. एक ब्राउझरने पाठवलेला. दुसरा, सर्व्हरने त्यातून अर्थ काढून शेवटी जिथले पान उचलून दिले तो. पान बातम्यांचे असेल तर या फरकाने कोणाचे काही बिघडत नाही. ते पान पगाराची पावती, रक्ततपासणीचा अहवाल किंवा बँकेचे स्टेटमेंट असेल, तर मात्र लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्रामने यातल्या कोणत्या पत्त्याकडे बघून होकार दिला, यावर सगळे अवलंबून असते. या प्रोग्रामला सर्व्हरच्या परिभाषेत ऑथेंटिकेशन हँडलर म्हणतात. हँडलर लिहिताना शेवटचा पत्ता कसा शोधायचा, हा प्रश्न प्रोग्रामरांचा घरगुती प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात आपल्या खासगी कागदांची सुरक्षितता त्यावर उभी आहे. माझे म्हणणे असे, की परवानगी नेहमी शेवटच्या पत्त्याला द्यायला हवी, आणि तो पत्ता तपासणाऱ्याने व पान देणाऱ्याने एकाच रीतीने वाचायला हवा. गेल्या पंचवीस वर्षांत वेबवर जी मोठी भगदाडे पडली, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी हा साधा नियम मोडलेला दिसतो.

मुळात दोन पत्ते होतातच का? कारण पत्ता हे माणसांना दिलेले वचन आहे आणि फाइलची जागा ही सर्व्हरची अंतर्गत सोय आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एका टिपणात आग्रहाने मांडले होते, की चांगले पत्ते कधी बदलत नाहीत. संस्थेची रचना बदलो, यंत्र बदलो, प्रोग्रामिंगची भाषा बदलो, वाचकाने जपून ठेवलेला पत्ता चालायलाच हवा. हे वचन पाळायचे तर बाहेरचा पत्ता आतल्या जागेशी जोडून देणारी यंत्रणा लागते. अपाचे या सर्व्हरसाठी राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ साली लिहिलेले मॉड-रीराइट हे मॉड्यूल त्याच गरजेतून आले. त्यात नियम लिहून ठेवले, की ‘/निकाल/२०२४’ असे सुटसुटीत मागितलेले पान आत कुठल्या तरी लांबलचक पत्त्यावरच्या प्रोग्रामकडे जाते आणि वाचकाला त्याचा मागमूसही लागत नाही. शिवाय फोल्डर मागितला तर त्यातले मुखपान देणे, टक्क्याच्या चिन्हाने सांकेतिक केलेली अक्षरे उलगडणे, दोन टिंबांचा अर्थ ‘एक पायरी वर’ असा लावणे, ही कामेही सर्व्हर न सांगता करत असतो. प्रत्येक पायरीला पत्ता थोडा बदलतो. यातली कुठलीच पायरी चुकीची नाही. प्रश्न येतो तो क्रमाचा.

हा क्रम जवळून बघण्यासारखा आहे. १९९५ साली सुरू झालेल्या अपाचेमध्ये प्रत्येक मागणी ठरलेल्या टप्प्यांतून जाते. आधी पत्त्यावरून फाइलचे नाव ठरते. मग मागणी कुठल्या यंत्राकडून आली ते बघितले जाते, मग माणूस कोण ते, मग त्याला या जागेचा हक्क आहे का ते. त्यानंतर फाइलचा प्रकार ठरतो, मग फिक्सअप नावाचा शेवटच्या जुळवाजुळवीचा टप्पा, मग प्रत्यक्ष उत्तर आणि सगळ्यात शेवटी नोंद. आता समजा कोणी ‘/अहवाल/’ हा फोल्डर मागितला. ऑथेंटिकेशन हँडलरला हाक येते तेव्हा त्याच्या हातात फक्त फोल्डरचा पत्ता असतो. त्यातले नेमके कुठले मुखपान द्यायचे, हे फिक्सअपमध्ये ठरते. फोल्डरमधल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये लिहिलेले पत्ता बदलण्याचे नियमही याच टप्प्यात, म्हणजे लॉगिन तपासून झाल्यावर, लागू होतात. रक्कम लिहिण्याआधीच चेकवर सही व्हावी, तशी ही स्थिती आहे. हँडलर लिहिणारा नवखा माणूस त्या क्षणी शेवटचा पत्ता शोधू लागतो आणि तो सापडत नाही, कारण तो अजून तयारच झालेला नसतो.

अपाचेच्या रचनाकारांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी सोय करून ठेवली. पत्ता आतल्या आत बदलला की सर्व्हर नवी मागणी तयार करतो आणि ती पुन्हा त्याच टप्प्यांतून पाठवतो. ही साखळी अमर्याद वाढू नये म्हणून दहा फेऱ्यांची मर्यादा मूळच्या मांडणीत घातलेली आहे. प्रत्येक मागणीच्या नोंदीत आधीच्या मागणीकडे नेणारा एक दुवा असतो, पुढच्या मागणीकडे नेणारा दुसरा, आणि ही पोटमागणी असेल तर मूळ मागणीकडे नेणारा तिसरा. हँडलरने मागचे दुवे धरून जावे, तर ब्राउझरने मुळात काय मागितले होते ते कळते. एक खाच मात्र राहते. नव्या मागणीला लागू असलेले नियम आधीच्या मागणीचेच असतील, तर वेळ वाचवण्यासाठी अपाचे आधी ओळख पटलेल्या माणसाचे नाव पुढे नेतो आणि हँडलरला पुन्हा हाक मारत नाही. ज्याचा निर्णय पत्त्यावरच अवलंबून आहे अशा हँडलरला हे परवडणारे नाही. म्हणून २.४ मालिकेत हँडलर नोंदवतानाच सांगता येते, की मला नियम बदलले तरच हाक मार, की पत्ता बदलला की प्रत्येक वेळी मार. ही निवड डोळसपणे करणे, हेच शेवटचा पत्ता शोधण्याचे खरे उत्तर आहे: तो आधी ओळखायच्या नादी लागू नये, तो तयार झाल्यावर आपल्याला विचारले जाईल याची खात्री करावी.

दोन पत्त्यांमधला हा भेद अपाचेच्या रोजच्या नोंदवहीतही दिसतो. तिथला सर्वपरिचित नोंदीचा साचा एकाच ओळीत दोन वेगळ्या मागण्यांची माहिती लिहितो. मागणीची ओळ मूळ मागणीची असते, तर तिच्यापुढचा निकालाचा आकडा, २०० किंवा ४०३, शेवटच्या मागणीचा असतो. हे माहीत नसलेला व्यवस्थापक नोंदवही वाचून वेगळाच निष्कर्ष काढू शकतो. अपाचेची अधिकृत मार्गदर्शिका तर याहून स्पष्ट बजावते: फाइलींचे संरक्षण करायचे असेल तर नियम पत्त्यावर लावू नका, फाइलच्या जागेवर लावा, कारण अनेक पत्ते एकाच जागी पोचू शकतात. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक न करणाऱ्या फाइल-व्यवस्थेवर तर फोल्डरचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले, तरी पत्त्यावर लावलेला नियम निसटतो आणि फाइल हाती येते.

हा धोका कागदावरचा राहिलेला नाही. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये एक दोष उघड झाला. तो सर्व्हर पत्त्यातली सांकेतिक अक्षरे उलगडत होता, मग पत्ता सुरक्षित आहे का ते तपासत होता आणि त्यानंतर चुकून पुन्हा एकदा उलगडत होता. दुहेरी सांकेतिक केलेला तिरकस दांडा पहिल्या उलगड्यानंतर निरुपद्रवी दिसायचा, तपासणीतून पार व्हायचा आणि दुसऱ्या उलगड्यात आपले खरे रूप धारण करायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या निम्डा या वर्मने शिरकावासाठी वापरलेल्या वाटांपैकी ही एक होती. जानेवारी २००५ मध्ये पत्त्यांच्या रचनेचे जे प्रमाण मानक प्रसिद्ध झाले, त्यात म्हणूनच स्वच्छ लिहिले आहे, की एकाच मजकुराचा उलगडा एकाहून अधिक वेळा करू नये. तरीही २०२१ साली अपाचेच्या २.४.४९ या आवृत्तीत पत्ता नीटनेटका करणारा नवा भाग चुकला. दोन टिंबांपैकी दुसरे टिंब टक्का, २ आणि ई अशा सांकेतिक रूपात लिहिले, की तपासणीला ते टिंब वाटत नसे. पुढे फाइल शोधताना मात्र ते टिंबच ठरत असे आणि मागणी ठरलेल्या फोल्डरबाहेर निसटत असे. दुरुस्ती म्हणून आलेली २.४.५० ही आवृत्तीही दुहेरी सांकेतिकीकरणापुढे अपुरी पडली आणि तीन दिवसांत २.४.५१ काढावी लागली. वीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या सर्व्हरांवर चूक तीच: तपासला एक पत्ता, वापरला दुसरा.

२०२४ साली तैवानचे सुरक्षा संशोधक ऑरेंज त्साई यांनी अपाचेची हीच बाजू अधिक खोलवर दाखवली. मागणीच्या नोंदीतले फाइलनावाचे एकच खण काही मॉड्यूले फाइलचा मार्ग म्हणून वाचतात, तर काही वेबचा पत्ता म्हणून. समजा एका ठराविक नावाच्या प्रोग्रामला लॉगिनचे कुलूप आहे. मागणाऱ्याने त्या नावापुढे सांकेतिक केलेले प्रश्नचिन्ह जोडून आणखी काही अक्षरे लिहिली. कुलूप तपासणारा भाग ते सगळे मिळून एक फाइलनाव समजतो आणि ‘हे नाव माझ्या यादीत नाही’ म्हणून बाजूला होतो. मागणी पुढे पोचवणारा भाग त्याच खणाकडे पत्ता म्हणून बघतो, प्रश्नचिन्हाशी थांबतो आणि कुलूपबंद प्रोग्राम चालवून मोकळा होतो. पासवर्ड फोडावा लागला नाही, कोणाचे नाव चोरावे लागले नाही. दोन भागांनी एकच मजकूर दोन रीतींनी वाचला, एवढे पुरले. त्या वर्षी जुलैत आलेल्या २.४.६० या आवृत्तीत अशा अनेक वाटा बुजवण्यात आल्या.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की एवढे गुंतायचे कशाला? टक्क्याची चिन्हे, दोन टिंबे, असले विचित्र काही पत्त्यात दिसले, की दारातच नकार द्यावा. इंग्रजी पत्त्यांपुरते बोलायचे तर हा उपाय आकर्षक आहे. मराठी वाचकाला मात्र तो थेट बाहेर ठेवतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात जाताना टक्क्याच्या तीन जोड्यांचे होते. ‘मराठी’ या शब्दाची पाच चिन्हे पत्त्यात पंचेचाळीस अक्षरे व्यापतात. मराठी विकिपीडियावरच्या लेखांचे पत्ते असेच टक्क्यांनी भरलेले असतात. तिथे टक्का दिसला म्हणून नकार देणे म्हणजे भाषेलाच नकार देणे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दात दडली आहे. त्यातला अर्धा ऱ संगणकात स्वतंत्र अक्षर म्हणून साठवता येतो, र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवता येतो, आणि र, हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही. पडद्यावर शब्द तोच, आतली बाइटे वेगळी. यांतली पहिली दोन रूपे युनिकोडच्या नियमाने समतुल्य आहेत आणि विकिपीडिया चालवणाऱ्या प्रणालीसारखे प्रोग्राम ती एका रूपात आणून मगच पान शोधतात. अशा प्रोग्रामपुढे कच्च्या पत्त्यावर नियम लावणारा हँडलर उभा केला, तर एका रूपातल्या शब्दाला कुलूप राहील आणि दुसऱ्या रूपातून पान उघडेल. विचित्र अक्षरांची काळी यादी करून हे सुटत नाही. आधी एक ठरलेले रूप, मग तपासणी, हाच क्रम इथेही लागतो.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ओळख पटवणे आणि हक्क ठरवणे ही दोन कामे वेगळी आहेत. ऑथेंटिकेशन हँडलरचे काम पहिले, मग त्याला पत्त्याशी काय देणेघेणे? हा भेद मला पूर्ण मान्य आहे. माणूस कोण, याचे उत्तर पत्त्यागणिक बदलत नाही. पण व्यवहारात ओळख विचारायची की नाही, हेच मुळी पत्त्यावरून ठरते. काही पाने खुली, काही बंद. बंद पानांतही विभाग वेगळे, पासवर्डांच्या याद्या वेगळ्या. विचारायचे की नाही हे चुकीच्या पत्त्यावरून ठरले, तर पुढची सगळी काटेकोर तपासणी कधी सुरूच होत नाही. आणि ओळख पटली म्हणजे काम संपले असे मानणे किती महागात पडते, हे २०११ साली सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या कार्डधारकांच्या बाबतीत दिसले. त्या वेळच्या वृत्तांनुसार हल्लेखोरांनी आधी रीतसर लॉगिन केले आणि मग पत्त्यातला खातेक्रमांक बदलत बदलत सुमारे ३ लाख ६० हजार खात्यांची माहिती मिळवली. माणूस ओळखला गेला होता. ज्या खात्याचे पान शेवटी दिले गेले त्यावर त्याचा हक्क आहे का, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

तिसरा आक्षेप आजच्या रचनेवर बोट ठेवतो. पूर्वी एक सर्व्हर होता; आता पुढे वितरण-जाळे, त्यामागे प्रॉक्सी, त्यामागे अ‍ॅप्लिकेशन अशी रांग असते. यांत शेवटचा पत्ता पुढच्या दाराला कसा कळणार? उदाहरण एन्जिन-एक्स या सर्व्हरचे घेऊ. त्यात लॉगिनची तपासणी वेगळ्या सेवेकडे सोपवता येते. त्या सेवेला पोटमागणी जाते. तिने २०० च्या घरातले उत्तर दिले तर रस्ता मोकळा, ४०१ किंवा ४०३ दिले तर बंद. पण पोटमागणीचा पत्ता त्या सेवेचा स्वतःचा असतो, म्हणून वापरणाऱ्याने काय मागितले ते वेगळ्या हेडरमधून कळवावे लागते. मार्गदर्शिकेतल्या उदाहरणात तिथे मूळ, कच्चा पत्ता पाठवलेला आहे. आता कोणी ‘/सार्वजनिक/../खासगी/पगार’ असे मागितले आणि तपासणारी सेवा फक्त सुरुवातीचा शब्द बघत असेल, तर ती ‘सार्वजनिक’ वाचून होकार देईल. एन्जिन-एक्स मात्र दोन टिंबे सोडवून ‘/खासगी/पगार’ देऊन टाकेल. ब्राउझर सहसा असा पत्ता आधीच साफ करून पाठवतो, पण हल्ला करणारा ब्राउझर वापरायला बांधील नाही.

शिवाय हेडरमधून पत्ता कळवायचा म्हटले, की तो हेडर लिहिला कोणी हा प्रश्न येतो. २०१८ साली पीएचपीच्या सिम्फनी या फ्रेमवर्कमध्ये असे आढळले, की जुन्या आयआयएसच्या सोयीसाठी ठेवलेला मूळ-पत्त्याचा हेडर बाहेरचा माणूसही पाठवू शकत होता. पुढचा सर्व्हर एक पत्ता तपासायचा आणि फ्रेमवर्क हेडरमधला दुसराच पत्ता खरा मानायचे. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट-जेएस या फ्रेमवर्कमध्ये याच जातीचा दोष निघाला: आतल्या पोटमागण्या गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून वापरली जाणारी खूण बाहेरून पाठवली, की तपासणीचा टप्पाच गाळला जात होता. म्हणून रांग लांब असेल तेव्हा उत्तर एकच उरते. पुढच्या दाराने ओळख पटवावी, बाहेरून आलेल्या अशा खुणा पुसून टाकाव्यात आणि खात्रीचे नाव आत पाठवावे. हक्काचा निर्णय मात्र जो प्रत्यक्ष पान देणार आहे, त्याच्याच हाती ठेवावा. शेवटचा पत्ता त्यालाच माहीत असतो.

प्रत्येक वळणावर पुन्हा तपासायचे तर वेळ जाईल, सर्व्हर मंदावेल, अशीही तक्रार होते. पासवर्डची पडताळणी मुद्दाम खर्चिक ठेवलेली असते हे खरे, पण पुन्हा करायची आहे ती हक्काची तपासणी, पासवर्डची नव्हे. अपाचे नाव पुढे नेतो तसे ओळखीचे उत्तर जपून ठेवता येते. ‘या माणसाला ही जागा’ हा प्रश्न तुलनेने स्वस्त आहे आणि तोच वगळायचा नाही. याचा अर्थ मूळ पत्ता फेकून द्यावा असाही नाही. लॉगिननंतर वाचकाला तो निघाला होता त्याच पानावर परत पोचवायचे तर मूळ पत्ताच लागतो, आणि काही गडबड झाली तर कोणी काय मागितले होते, हे त्यातूनच कळते. तिथेही परत पाठवण्याआधी तो पत्ता आपल्याच संकेतस्थळाचा आहे, हे बघावे लागते. नाहीतर खऱ्या लॉगिन पानावरून माणूस थेट फसव्या संकेतस्थळावर जाऊन पडतो. थोडक्यात, मूळ पत्ता स्मरणासाठी आणि शेवटचा पत्ता निर्णयासाठी. दोन्ही हवेत, अदलाबदल नको.

संकेतस्थळ बनवून घेणारी शाळा, पतसंस्था, रुग्णालय किंवा नगरपालिका यांना कोड वाचता येण्याची गरज नाही, पण करार करताना चार प्रश्न विचारता येतात. तपासणी पत्त्यावर होते की प्रत्यक्ष द्यायच्या नोंदीवर? पत्ता उलगडण्याचे काम एकाच ठिकाणी, एकदाच होते का? आत पत्ता बदलल्यावर हक्क पुन्हा बघितला जातो का? आणि कुठलाच नियम लागू झाला नाही, तर उत्तर ‘हो’ असते की ‘नाही’? हा शेवटचा प्रश्न २०२१ च्या प्रसंगाने सगळ्यात ठळक केला. अपाचेच्या नेहमीच्या मांडणीत मुळापासून सगळ्याला नकार आणि मग हवे तेवढेच खुले, अशी रीत असते. ही रीत ज्यांनी मोडली नव्हती, त्यांच्याकडे बाहेर निसटलेली मागणीही नकारावर आपटून परत गेली. पत्ता वाचण्यात चूक उद्याही होईल, कारण पत्ते माणसांसाठी लवचीक ठेवलेले आहेत आणि ते तसेच राहायला हवेत. त्या चुकीची किंमत नागरिकाने मोजायची की यंत्रणेने ती नकारात जिरवायची, हे निर्णय कुठे घेतला जातो यावर ठरते. तो पान हाती देण्याच्या ठिकाणी, दिल्या जाणाऱ्या पानाकडे बघून घेतला जावा, एवढी मागणी आपली माहिती सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे करण्याचा आपल्याला अधिकार आहे.